पात्र आणि पेय : प्रेमद्रव्याचे नाट्यप्रसंग आणि नटाच्या संमतीचा प्रश्न
(खानदेशातील महाविद्यालयीन रंगभूमीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी भाषेत एखाद्याला भुरळ 'पडते', त्याच्यावर मोहिनी 'घातली जाते', त्याला कोणीतरी 'भारून टाकते'. या तिन्ही प्रयोगांत मोहित होणारी व्यक्ती वाक्याची कर्ता नसते. जे घडते ते तिच्यावर घडते, ती ते करीत नाही. प्रेमद्रव्य, म्हणजे वशीकरणाची मुळी, मंतरलेला विडा, भारलेले दूध किंवा डोळ्यांवर पिळलेला फुलाचा रस, यांवर रचलेले सर्व साहित्य या व्याकरणावर उभे आहे. पात्राची इच्छा काढून घेतली जाते आणि तिच्या जागी दुसऱ्याने निवडलेली इच्छा ठेवली जाते. वाचकाला यात कधी गंमत वाटते, कधी करुणा. परंतु हेच साहित्य प्रयोगरूप घेते तेव्हा एक निराळा प्रश्न उभा राहतो. पात्राची संमती संहितेने काढून घेतली, पण पात्राच्या आत उभ्या असलेल्या नटाच्या संमतीचे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार काही निवडक कलाकृती, पाश्चात्त्य देशांतील प्रत्यक्ष भूमिकाखेळ (लार्प) आणि खानदेशातील प्रयोगपरंपरा यांच्या आधारे केला आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत स्नेहसंमेलन आणि विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव यांच्या निमित्ताने दरवर्षी अनेक प्राध्यापक दिग्दर्शकाची जबाबदारी स्वीकारतात. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक नाही.

घरातला साप

भारतीय परंपरेत वशीकरणावरील सर्वांत परखड टीका एका स्त्रीच्या तोंडी आली आहे. महाभारताच्या वनपर्वातील द्रौपदी-सत्यभामा संवादात सत्यभामा विचारते की पाच पराक्रमी पती तुझ्या शब्दाबाहेर जात नाहीत, याचे रहस्य काय? व्रत, मंत्र, औषधी की मुळी? द्रौपदी या प्रश्नानेच व्यथित होते. पत्नी मंत्र व मुळ्यांच्या मागे लागली आहे असे पतीला कळले, तर घरात शिरलेल्या सापाची वाटावी तशी तिची भीती त्याला वाटू लागते, असे ती सांगते. अशा मुळ्यांच्या सेवनाने पुरुष जलोदरी, कुष्ठी, जड, अंध व बधिर झाल्याची उदाहरणेही ती देते. येथे आक्षेप दुहेरी आहे. एक वैद्यकीय, दुसरा नैतिक. भीतीतून शांती नाही आणि शांतीविना सुख नाही, ही तिची विचाराची साखळी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वशीकरणाचे प्रयोग शेवटच्या, औपनिषदिक अधिकरणात येतात. इतर उपाय थकल्यावरचा हा मार्ग आहे, हे ग्रंथाच्या रचनेतूनच सूचित होते.

द्रौपदीच्या उपमेतला हा साप गिरीश कार्नाड यांच्या 'नागमंडल' या नाटकात खरोखरच घरात शिरतो. १९८८ मध्ये कन्नडमध्ये प्रसिद्ध झालेले व मराठी रंगभूमीवरही आलेले हे नाटक ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या लोककथांवर बेतलेले आहे. नवविवाहित राणीला तिचा पती अप्पण्णा दिवसभर कुलपात ठेवतो व रात्री दुसरीकडे जातो. अंध कुरुडव्वा तिला मुळी देते. लहान मुळीचा उपयोग होत नाही. मोठी मुळी घातलेले कालवण रक्तासारखे लाल उकळते, तेव्हा राणी घाबरून ते वारुळावर ओतून देते. ते नाग पितो, राणीवर मोहित होतो आणि अप्पण्णाचे रूप घेऊन रात्री येऊ लागतो.

या नाटकावरील समीक्षा बहुधा स्त्रीच्या आत्मशोधाच्या अंगाने झाली आहे. ती योग्यच आहे. परंतु प्रेमद्रव्याच्या बाजूने पाहिल्यास काही गोष्टी ठळक होतात. राणी हे द्रव्य ज्याला द्यायचे त्याला देत नाही. त्याचा रंग पाहून ती मागे सरते, म्हणजे द्रौपदीचा विवेक शेवटच्या क्षणी तिच्यात जागा होतो. तरीही द्रव्य वाया जात नाही. ज्याच्या इच्छेचा कोणी विचारच केला नव्हता अशा प्राण्यावर ते लागू होते, आणि भारलेला नाग पुढे राणीला तिच्या नकळत फसवतो. ज्याची संमती हिरावली गेली तोच दुसऱ्याची संमती हिरावून घेतो. राणीने ज्याला होकार दिला तो तिचा पती आहे या समजुतीवर दिला. रात्रीचा प्रेमळ नवरा आणि दिवसाचा क्रूर नवरा यांतील विसंगती तिला जाणवते, परंतु प्रश्न विचारायचे नाहीत अशी त्याची अट आहे. ही अट फसवणुकीहूनही गंभीर मानावी लागेल. ज्या नात्यात प्रश्नालाच बंदी आहे तेथे होकाराला अर्थ उरत नाही.

या ठिकाणी विजयदान देथा यांच्या 'दुविधा' या राजस्थानी कथेशी तुलना उद्बोधक ठरते. मणि कौल यांनी १९७३ मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि २००५ च्या 'पहेली'मुळे ती सर्वदूर पोहोचली. तेथेही एक भूत परगावी गेलेल्या पतीचे रूप घेऊन वधूकडे येते. मात्र ते पहिल्याच भेटीत आपण तिचा पती नसल्याचे तिला सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. दोन्ही कथांत बहुरूपी प्रियकर आहे, दोन्हींत पती अनुपस्थित आहे. फरक एका सत्यकथनाचा आहे. त्या एका वाक्यामुळे 'दुविधा'ची नायिका वाक्याची कर्ता बनते. कलादृष्ट्या 'नागमंडल' अधिक गुंतागुंतीचे आहे यात शंका नाही. पतीला आणि या नागाला सोडून मी कोणाला स्पर्श केलेला नाही, हे राणीचे दिव्य एकाच वेळी सत्य आणि उपरोध आहे. पण संमतीच्या प्रश्नावर देथा यांची कथा अधिक धीट आहे, हे मान्य करावे लागते.

पाश्चात्त्य साहित्यात हा विषय बहुधा विनोदाच्या अंगाने आला. शेक्सपिअरच्या 'ए मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये ओबेरॉन आपल्या राणीच्या डोळ्यांवर फुलाचा रस पिळतो. ती गाढवाचे डोके लावलेल्या विणकरावर आसक्त होते आणि त्या अवधीत ज्या भारतीय बालकासाठी भांडण होते ते ओबेरॉन मिळवतो. हा विनोद आहे, पण एका पतीने पत्नीची मती गुंग करून आपला हेतू साधला, हेही तितकेच खरे आहे. चार प्रेमिकांपैकी लायसँडरवरील रसाचा परिणाम उतरवला जातो. डिमिट्रियसवरील मात्र कोणीही उतरवीत नाही. तो शेवटपर्यंत भारलेला राहतो, त्याच अवस्थेत त्याचा विवाह होतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. वर्गात हे नाटक शिकवताना हा मुद्दा बहुधा निसटतो. त्याहूनही दुर्लक्षित राहते ती हेलेना. तिने कोणतेही द्रव्य घेतलेले नाही. दोन तरुण अचानक तिची आराधना करू लागतात तेव्हा आपली थट्टा चालली आहे असे तिला वाटते व ती रडकुंडीला येते. प्रेमद्रव्याने दोन व्यक्ती बाधित होतात, पिणारी आणि जिच्यावर त्या प्रेमाचा वर्षाव होतो ती. ही दुसरी व्यक्ती समीक्षेत व प्रयोगातही विसरली जाते.

आजच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे उदाहरण हॅरी पॉटर मालिकेतील आहे. २००५ च्या सहाव्या भागात रॉन भारलेली चॉकलेटे खाऊन वेडापिसा होतो, तो प्रसंग पूर्णतः विनोदी आहे. त्याच पुस्तकात मेरोपी गाँट एका तरुणाला आपल्या प्रेमात बांधून ठेवते, त्याला शुद्ध येताच तो तिला सोडून जातो, आणि त्या संबंधातून मालिकेचा खलनायक जन्मतो. पहिल्या प्रसंगातला बाधित मुलगा आहे, प्रसंग तासाभरात मिटतो आणि शारीरिक संबंध नाही, म्हणून हसू येते. या तीन अटींपैकी एकही बदलली तर हसू थांबते. विनोदाची ही सीमारेषा लेखिकेने आखलेली असली तरी तिची जाणीव पुस्तकाला पुरती झालेली दिसत नाही.

भांड्याला नशा चढते का?

आतापर्यंतचा विचार पात्रांचा झाला. नटाकडे वळताना अभिनवगुप्ताची एक उपमा हाताशी घ्यावी लागते. रस कोठे असतो या चर्चेत तो नटाच्या ठिकाणी रसास्वाद नाकारतो. नट हे आस्वादाचे साधन आहे, म्हणूनच त्याला 'पात्र' म्हणतात, आणि भांड्याला काही मद्याची चव कळत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. 'पात्र' या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीतही जिवंत आहेत. प्रेमद्रव्याच्या चर्चेत ही उपमा विलक्षण चपखल बसते. पेय पात्रातून जाते, पण पात्र झिंगत नाही. झिंगतो तो प्रेक्षक.

हा सिद्धान्त ज्या रंगभूमीसाठी मांडला गेला तेथे नट व प्रेक्षक वेगळे होते. प्रत्यक्ष भूमिकाखेळात ही विभागणीच नाहीशी होते. लार्प हा प्रकार भारतीय वाचकाला फारसा परिचित नसल्याने त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. यात सहभागी व्यक्ती वेशभूषा करून, एखाद्या गढीत, रानात किंवा सभागृहात काही तास वा काही दिवस आपापली भूमिका जगतात. संहिता नसते. पात्राची माहिती व जगाचे नियम तेवढे दिलेले असतात. बाहेरचा प्रेक्षक नसतो. इंग्लंडमध्ये १९८२ मध्ये पेकफर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' सुरू झाला. उत्तर युरोपात १९९७ पासून 'क्नुटेपुंक्ट' ही या खेळाची वार्षिक परिषद भरते आणि तेथे त्यावर गंभीर लेखन झाले आहे. अशा खेळात कोणी दुसऱ्याच्या पेल्यात प्रेमद्रव्य ओतले, तर खेळाडूला पुढच्या क्षणापासून एखाद्या अनोळखी माणसावर अनुरक्त झाल्याचा अभिनय करावा लागतो. नाटकात नटीला महिनाभर आधी संहिता मिळते, येथे पेला रिकामा झाल्यावर कळते. भांडे आणि पिणारा एकच. या खेळांतील पात्राची भावना खेळाडूत आणि खेळाडूची पात्रात झिरपते, तिला एमिली केअर बॉस यांनी २००७ मध्ये 'ब्लीड' हे नाव दिले. अभिनवगुप्ताला दिलेले हे एक उत्तरच म्हणता येईल. काही भांडी सच्छिद्र असतात.

या अडचणीवर खेळाडूंनी काढलेले उपाय अभ्यसनीय आहेत. नॉर्डिक देशांत 'कुट' हा शब्द उच्चारताच खेळ थांबतो, 'ब्रेम्स' म्हणताच समोरचा खेळाडू आवेग कमी करतो. स्वीडनच्या एमा वीस्लांडर यांनी २००३ च्या 'मेल्लन हिम्मेल ओक हाव' या खेळासाठी प्रणयाची सांकेतिक भाषा तयार केली. तीत हात, बाहू व मान एवढ्याच भागांचा स्पर्श आणि दृष्टिभेट यांतून सर्व शृंगार सुचवला जातो. त्याच वर्षी रॉन एडवर्ड्स यांनी टेबलावरच्या भूमिकाखेळासाठी 'रेषा' आणि 'पडदे' ही कल्पना मांडली. काही विषय रेषेपलीकडचे, ते येणारच नाहीत. काही पडद्याआडचे, ते घडतील पण दाखवले जाणार नाहीत. जॉन स्टाव्रोपुलोस यांच्या 'एक्स-कार्ड' पद्धतीत टेबलावर ठेवलेल्या पत्त्याला हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता वगळला जातो. व्यावसायिक रंगभूमी व चित्रपटसृष्टीत पुढे आलेले प्रणयदृश्य-समन्वयकाचे पदही याच गरजेतून निर्माण झाले. २०१८ मध्ये एचबीओ या अमेरिकी वाहिनीने ते स्वीकारल्यावर त्याला जगभर मान्यता मिळाली.

या साधनांचे कौतुक करताना एक मर्यादा नजरेआड करता येत नाही. शब्द उच्चारणे किंवा पत्ता उचलणे यासाठी 'नाही' म्हणण्याची सवय लागते. जेथे खेळाडू परस्परांचे समवयस्क व समान आहेत तेथे ती काही प्रमाणात गृहीत धरता येते. शहाद्याजवळच्या किंवा चोपड्याजवळच्या खेड्यातून एसटीने महाविद्यालयात येणारी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी 'सरां'नी बसवलेला प्रसंग थांबवण्यासाठी पत्ता उचलेल, ही अपेक्षा अवास्तव आहे. तिला तो पत्ता दिसतो, हात पोहोचत नाही.

परंपरेचे संकेत

नकार देण्याचा भार नटावर न टाकता प्रसंगाची मर्यादा आधीच ठरवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शयन, चुंबन, आलिंगन, दंतक्षत, नखक्षत, जलक्रीडा इत्यादी गोष्टी रंगमंचावर वर्ज्य सांगितल्या आहेत. मात्र त्यामागील कारण नीट पाहिले पाहिजे. पिता, पुत्र, सून, सासू असे सर्वजण एकत्र बसून नाटक पाहतात, म्हणून ही मर्यादा. म्हणजे चिंता प्रेक्षकाच्या संकोचाची आहे, नटीच्या सुखाची नाही. फळ चांगले असले तरी हेतू निराळा होता. प्राचीन ग्रंथात आधुनिक संमतिविचार होता असा दावा करण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. तो टाळलेला बरा. तरीही नाट्यधर्मीची संकल्पना, म्हणजे प्रत्यक्षाऐवजी संकेताने दाखवणे, ही वीस्लांडर यांच्या पद्धतीशी नाते सांगते, आणि ती आपल्या नटांच्या अंगवळणी पडलेली आहे हा तिचा मोठा लाभ.

खानदेशातील प्रयोगपरंपरा या दृष्टीने समृद्ध आहे. धोंडू-कोंडू पाटील, भिका-भीमा सांगवीकर यांच्या नावांनी ओळखल्या गेलेल्या फडांनी या प्रदेशात तमाशा रुजवला. सारंगखेड्याच्या यात्रेपासून गावोगावच्या जत्रांपर्यंत त्याचा प्रेक्षक पसरलेला आहे. तमाशातील गौळण हे मोहिनीच्या प्रसंगाचे मराठी रूप होय. कृष्णाची मुरली हे येथले प्रेमद्रव्य. ती ऐकून गौळणींना घरदाराचे भान राहत नाही. पण रंगमंचावर प्रत्यक्षात काय घडते? कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, मावशी मध्ये उभी राहते, आणि सगळा झगडा शब्दांत होतो. मावशी बहुधा पुरुष नट रंगवतो. गौळण आणि अडवणारा यांच्यामध्ये एक चतुर, तोंडाळ, न भारलेले पात्र कायम ठेवण्याची ही योजना रचनेच्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. मुरलीची मोहिनी मावशीवर चालत नाही. लार्पमध्ये 'ब्रेम्स' या शब्दाने जे साधले जाते त्यापैकी बरेच काम मावशी भूमिकेत राहूनच करते. बतावणी ही तर उत्स्फूर्तच असते. समोरचा काय बोलेल हे नटाला पूर्णपणे ठाऊक नसते. त्यामुळे तमाशा हा चौकटीच्या रंगमंचापेक्षा लार्पला अधिक जवळचा आहे, असे म्हणता येईल.

यावरून तमाशाच्या स्त्री कलावंत सुखात होत्या असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. रंगमंचावरच्या कृष्णाला मावशी आवरत होती, दौलतजादा करणाऱ्या प्रेक्षकाला आवरणारे कोणी नव्हते. नोट दाखवून गाणे मागणारा आपण पैशाने विकत घेतलेल्या हास्याला प्रेम समजत होता. द्रव्य या शब्दाचा दुसरा अर्थ येथे कामी येतो.

मोहिनी-भस्मासुराची कथा हेही लोकनाट्याचे आवडते आख्यान. मोहित भस्मासुर मोहिनीच्या प्रत्येक हालचालीचे अनुकरण करीत नाचतो आणि शेवटी स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो. येथे वशीकरण स्पर्शाने नव्हे, अनुकरणाने दाखवले जाते. दोन नट हातभर अंतरावर राहून संपूर्ण आसक्ती उभी करू शकतात, आणि प्रसंग रंगतो तो त्या अंतरामुळेच. आलिंगनाने तो संपून गेला असता. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या काळात, बालगंधर्वांच्या संगीत नाटकांत, शृंगाराचा प्रश्न सामाजिक पातळीवर वेगळ्या रीतीने सुटलेला होता. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'तून ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रिया मंचावर आल्यावर तो नव्याने निर्माण झाला. त्याचे उत्तर मराठी रंगभूमीने दीर्घकाळ नटांच्या सभ्यतेवर सोपवले. लेखी नियम कोणी केले नाहीत.

साक्री परिसरात व लगतच्या बागलाणात मार्गशीर्षात होणाऱ्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवाचा उल्लेख येथे सावधपणे करायला हवा, कारण तो नाट्य नसून श्रद्धाचार आहे. तेथे व्रतस्थांच्या अंगात वारा येतो. लक्षणीय गोष्ट ही की ज्याच्या अंगात वारा येतो तो एकटा सोडला जात नाही. नियम पाळणारा, त्याला सांभाळणारा समूह त्याच्याभोवती असतो. भान हरपण्याला समूहाने दिलेली ही चौकट आहे.

याउलट बाहेरून आलेल्या दृष्टीने संमतीचा कसा विपर्यास होतो याचे उदाहरण भोंगऱ्या बाजार हे होय. चोपडा, यावल, शिरपूर परिसरात होळीपूर्वी भरणाऱ्या या बाजाराचे वर्णन वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे 'गुलाल लावून मुलगी पळवण्याचा बाजार' असे होत आले. आदिवासी संघटनांनी व लेखकांनी यावर तीव्र हरकत घेतली आहे. हा होळीच्या खरेदीचा व भेटीगाठींचा बाजार आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. गुलालाला प्रेमद्रव्य ठरवणारी ही कल्पना बाहेरच्यांची आहे. समूहनृत्य बसवताना तिच्या आधारे गुलाल फासण्याचा व ओढून नेण्याचा प्रसंग घालणे म्हणजे एका समाजाची बदनामी आणि एका विद्यार्थिनीची अडचण एकाच वेळी करणे होय.

तालमीची खोली

महाविद्यालयीन रंगभूमीवर हे प्रश्न एकवटतात. तालमी तास संपल्यावर होतात. दिग्दर्शक हा बहुधा अंतर्गत गुण देणारा प्राध्यापकही असतो. कलावंत सतरा ते वीस वर्षांचे असतात, आणि मुलगा-मुलगी मोकळेपणे बोलतात म्हणून गावात चर्चा होणाऱ्या घरांतून ते आलेले असतात. प्रेमद्रव्याचा प्रसंग विनोदी म्हणून निवडला जातो, कारण त्यात हमखास हशा असतो. भारलेल्या पात्राने जितके अंगचटीला जावे तितका हशा वाढतो, आणि 'पात्र शुद्धीवर नाही' ही सबब तयार असते. मुलगे भारलेले असले तरी अडचण हेलेनाची होते. मुलालाही ती होते, हे सहसा बोलले जात नाही. वर्गासमोर गाढवाच्या मुखवट्यामागे धावणाऱ्याला पुढे वर्षभर कोणत्या नावाने हाक मारली जाते, याची नोंद कोणतेही परीक्षकपत्रक करीत नाही.

यात मोबाइलने एक नवे परिमाण आणले आहे. बारा मिनिटांच्या प्रहसनातून कोणीतरी वीस सेकंदांचा तुकडा चित्रित करतो आणि तो गावच्या समूहावर पोहोचतो. त्या तुकड्यात भारलेले दूध दिसत नाही, मांत्रिक दिसत नाही, संहिता दिसत नाही. दिसतो तो फक्त स्पर्श. प्रेमद्रव्याच्या प्रसंगाचा सारा अर्थ कारणात असतो आणि चित्रफितीत नेमके कारणच गळते. जी विद्यार्थिनी पुढील वर्षी नाटकात नसते, तिच्या अनुपस्थितीचे कारण अनेकदा येथे सापडू शकते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समितीची व्यवस्था केली आहे. ती आवश्यकच आहे. परंतु समिती घडून गेल्यानंतर येते, आणि तालमीतला संकोच हा तक्रारीच्या व्याख्येत बसेलच असे नाही. तालमीच्या खोलीला स्वतःचा संकेत हवा. स्पर्श कोणते, ते पहिल्या वाचनाच्या दिवशीच ठरावे आणि संहितेत लिहिले जावे. प्रसंगाची मर्यादा विद्यार्थ्याने एकट्याने मागण्याची वेळ येऊ नये, ती सर्वांसाठी सरसकट असावी. एखाद्याला ती आणखी आवळायची असल्यास त्याने कारण न सांगता दिग्दर्शकाव्यतिरिक्त अन्य कोणाला, शक्यतो गुणांशी संबंध नसलेल्या व्यक्तीला, सांगण्याची सोय असावी. यासाठी निधी लागत नाही. प्रश्न मानसिकतेचा आहे. 'आमच्या काळी असे काही नव्हते' हा आक्षेप ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून येतो. त्या काळी किती विद्यार्थिनी रंगमंचावर होत्या, हा प्रतिप्रश्न त्यावर करता येईल.

यामुळे प्रेमद्रव्याचे नाटक करूच नये असे सुचत नाही. उलट २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर आणि बसस्थानकांच्या भिंतींवर वशीकरणाच्या जाहिराती अजूनही दिसत असताना या विषयाला सामाजिक धार आहे. त्या दृष्टीने दोनिझेत्तीची १८३२ ची 'लेलिझिर दामोरे' ही संगीतिका रूपांतरासाठी विचारात घेण्याजोगी आहे. तीत नेमोरिनो हा भोळा खेडूत दुल्कामारा नावाच्या फिरत्या वैदूकडून प्रेमाचे औषध विकत घेतो. बाटलीत असते साधी दारू, आणि पितो तो स्वतःच. नायिकेवर कसलाही प्रयोग होत नाही. ती शुद्धीवर राहून, स्वतः पाहून, स्वतः ठरवते. हा दुल्कामारा खानदेशच्या आठवडे बाजारात जडीबुटी मांडून बसलेल्या विक्रेत्याच्या रूपात अहिराणीत उभा करणे अवघड नाही. सोंगाड्याला त्याच्या तोंडी हवी तेवढी बतावणी करता येईल, मावशीला मध्ये पडायला जागा आहे, आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या विद्यार्थिनीला संपूर्ण प्रयोगात एकदाही भान हरपल्याचा अभिनय करावा लागणार नाही.